बूच काढलं, पण टाकी रिकामी झाली का?

अमेरिकेत लास व्हेगसजवळ, हूवर धरणामागे, लेक मीड नावाचा अवाढव्य जलाशय आहे. २००७ च्या जानेवारीत तिथे क्वागा मसल नावाचे नखाएवढे शिंपले सापडले. मूळचे ते युक्रेनकडचे. मालवाहू जहाजं तोल सांभाळायला पोटात जे पाणी भरून घेतात, त्यातून ते आधी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्स या सरोवरांमध्ये पोचले होते. पण तिथून लेक मीडला यायला जलमार्गच नाही, मध्ये आख्खा रॉकी पर्वत आडवा. तेव्हा ते रस्त्याने, ट्रेलरवर ओढत आणलेल्या बोटींबरोबर आले असं मानलं जातं. बोटीतल्या टाकीत पाणी उरलं, तर त्यातून त्यांच्या अळ्याही प्रवास करू शकतात. टाकीचं बूच काढलं की आतलं सगळं पाणी जातं, हा समज इतका साहजिक आहे की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. आपण पाहू.

तिकडे बास मासा गळाने पकडायच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. रे स्कॉट या गृहस्थाने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर अशी स्पर्धा भरवली आणि १९७२ पासून ‘मासा मारू नका, वजन करून परत सोडा’ ही मोहीम सुरू केली. मग बोटीत मासा तासन्‌तास जिवंत ठेवणं आलं. त्यासाठी असते ती टाकी म्हणजे लाइव्हवेल.

टाकीत पाणी नुसतं साठवून चालत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तो संपत जातो आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया साठत जातो. म्हणून बोटीच्या मागच्या फळीला पाण्याखाली एक भोक, त्यावर व्हॉल्व्ह, पुढे १२ व्होल्टचा छोटा पंप आणि टाकीच्या वरच्या कडेला फवारा, अशी जोडणी असते. जादा पाणी काठालगतच्या नळीतून बाहेर पडतं. पंप आपल्या विहिरीवरच्या मोटरच्याच जातीचा, आणि खोडही तीच: एकदा एअर धरली की पंखा नुसता फिरतो, पाणी चढत नाही. बोट भरधाव निघाली की मागची बाजू वर उचलली जाते, भोक पाण्याबाहेर येतं आणि नळीत हवा शिरते.

आता निचरा. माझा खरा जीव इथे अडकलाय.

बोट तरंगत असताना तळाचं बूच उघडलं तर काय होईल? पुष्कळ बोटींत टाकीचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतो. त्यामुळे आतली आणि बाहेरची पातळी सारखी होईपर्यंतच पाणी वाहतं, मग थांबतं. तुम्ही पाहत बसलात तरी एक थेंब हलणार नाही. हीच बोट वेगात निघाली की फळीमागचं पाणी खाली जातं, तळ वर येतो आणि टाकी आपोआप रिती होऊ लागते. धावपट्टीसारख्या सरळ पाण्यात बूच लावायला विसरून बोट पळवली, तर मासे कोरड्यावर पडलेले सापडतात ते यामुळेच.

बोट ट्रेलरवर चढवली की पातळीचा प्रश्न मिटतो, पण वेगाचा उरतो. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हा टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाचा नियम, १६४० च्या दशकातला. टाकीत ३० सेंटिमीटर पाणी असेल तर वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर. उंची १ सेंटिमीटरवर आली की ०.४४ मीटर. सरळ भिंतींच्या, तळालाच भोक असलेल्या टाकीसाठी या वर्गमूळाचा हिशेब पुढे नेला की एक गमतीचं उत्तर मिळतं: पहिलं तीन चतुर्थांश पाणी जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच शेवटच्या एक चतुर्थांशाला लागतो. आख्खी टाकी सहा मिनिटांत रिकामी होणार असेल, तर तीन मिनिटांनी ‘झालंच की’ म्हणून बूच बसवणारा माणूस पाव टाकी पाणी घेऊन घरी जातो.

आणि सहा मिनिटं थांबलं तरी शून्य येत नाहीच. नियमात पृष्ठताण धरलेला नाही, तळाचा उतारही नाही. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या सपाट तळावर दोनच मिलिमीटर पाणी राहिलं, तरी ते जवळपास अर्धा लिटर भरतं. शिवाय नळी जिथे लोंबते तिथे पाणी अडतं. १९ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत पाव लिटरहून जास्त मावतं. पंपाच्या पोटातलं वेगळंच.

मसलच्या अळ्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून ते चौथ्या भागापर्यंत त्यांचा आकार. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. त्या अर्ध्या लिटरात किती जण प्रवास करू शकतील, ते तुम्हीच पाहा.

बोटीवर केळं नेलं तर मासे मिळत नाहीत, असा एक अपशकुन तिकडे अगदी शिकलेले लोकही पाळतात. केळ्यासाठी डबे उघडून पाहणारा माणूस नळीचा झोळ बघायला मात्र वाकत नाही!

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पाण्यावरून निघताना लाइव्हवेल रिकामी करणं आणि निचऱ्याची बुचं काढलेलीच ठेवून बोट ओढणं कायद्याने सक्तीचं आहे. मला यातली ‘काढलेलीच’ ही अट सगळ्यात शहाणी वाटते, कारण टॉरिचेलीला हवा असलेला वेळ ती रस्त्यातच देऊन टाकते. बोटीचं नाक वर राहील असा ट्रेलर उभा करावा, व्हॉल्व्ह आणि झाकणं उघडी ठेवावीत, पंप दोन-चार सेकंद चालवून पोटातलं पाणी फेकावं, तळ फडक्याने पुसावा. दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल तर मधे निदान पाच दिवस वाळू द्यावं, नाहीतर ६० अंशांच्या गरम पाण्याने किमान दहा सेकंद धुवावं. बोटी बनवणाऱ्यांनी टाकीच्या तळाला थोडा उतार आणि नळ्या लोंबू नयेत म्हणून पुरेसे क्लॅम्प दिले, तर यातलं निम्मं काम उरणारच नाही.