स्टँडला टेकलेली नटी मृत नव्हती

व्हिक्टोरियन काळातील नटनट्यांच्या छायाचित्रांत पावलांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसला की, ‘हे प्रेत स्टँडला बांधून उभे केले आहे’ असा मजकूर जोडून ते चित्र फिरवले जाते. हा समज निखालस चुकीचा आहे, आणि ज्यांची कला या चित्रांनी जपली त्यांच्यावर तो अन्यायच आहे.

स्टँड जिवंत माणसासाठीच असे. त्या काळी कलोडियन या चिकट रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेवर छायाचित्र घेत; तिच्यावर चित्र उमटायला बहुधा काही सेकंद लागत आणि तेवढ्यात मान किंचित हलली तरी चेहरा पुसट येई, म्हणून मागून डोक्याला व कमरेला हलका आधार दिला जाई. निर्जीव देहाचा भार असा आधार पेलूच शकत नाही. मृतांची छायाचित्रे काढली जात हे खरे, पण ती सहसा निजलेल्या अवस्थेत.

शिवाय नटनट्यांची ही छायाचित्रे विक्रीचा माल होती. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरीने १८५४ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या ‘कार्त द व्हिझित’मुळे, म्हणजे भेटकार्डाएवढ्या छोट्या छायाचित्रांच्या पद्धतीमुळे, एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेता येऊ लागल्या, आणि रसिक आवडत्या कलावंतांची चित्रे विकत घेऊन अल्बममध्ये लावू लागले. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी तर नामवंतांना त्यांच्या छायाचित्रांच्या हक्कासाठी पैसे मोजत असे.

शवपेटीत डोळे मिटून निजलेल्या फ्रेंच नटी सारा बर्नहार्टचे छायाचित्रकार मेलांद्रीने काढलेले प्रसिद्ध चित्रसुद्धा प्रेताचे नाही. ते १८८० च्या सुमाराचे आहे आणि तिचे निधन झाले १९२३ मध्ये.