नवी बोअरवेल घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. यांपैकी ज्या भागांत महापालिकेचे पाणी अजून पुरेसे पोहोचत नाही, तेथील गृहनिर्माण संस्थांची भिस्त टँकरवर आणि आवारातील बोअरवर असते. अशा संस्थांची आमच्याकडे येणारी मागणी बहुधा एकच असते : “आणखी दोन बोअर घेऊन द्या, म्हणजे टँकर बंद करता येतील.” त्यावर आम्ही लगेच होकार का देत नाही, आणि पंप विकत घेण्याआधी उपसा चाचणीचा (सलग पाणी उपसून बोअर किती पाणी देते ते पाहण्याचा) आग्रह का धरतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभाग लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाण्याचे तळे किंवा नदी नसते. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला दगड, खडकातील भेगा आणि दोन थरांमधील सांधे एवढ्याच ठिकाणी पाणी साठते व वाहते. त्यामुळे एका बोअरला भरपूर पाणी लागते आणि वीस पावलांवरच्या दुसऱ्या बोअरमधून नुसती धूळ उडते, यात नवल काही नाही. खोल गेल्यावर पाणी वाढतेच असेही नाही, कारण खाली जावे तशा भेगा सहसा विरळ आणि मिटलेल्या मिळतात. नारळ किंवा काठी घेऊन जागा दाखवणाऱ्यांबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. विद्युतरोध सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणे) करून आम्हीही फक्त शक्यता सांगतो, खात्री नाही.

खोदाईच्या दिवशी कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी उसळून वर येते, खोदाईच्या यंत्राचा गाडीवाला “दोन इंची पाणी लागले” असे सांगतो आणि पेढे वाटले जातात. हा आकडा नीट समजून घ्यावा. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावते; म्हणजे १०० मीटर पाणी उभे असेल, तर २,१०० लिटर पाणी नुसत्या नळीतलेच असते. शिवाय आसपासच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षे भरून राहिलेले पाणी पहिल्या काही तासांत येते. बोअरची खरी ताकद त्यानंतर कळते.

चाचणीत आम्ही तात्पुरता पंप सोडून ठरावीक गतीने सलग उपसा करतो आणि बोअरमधील पातळी आधी दर मिनिटाला, मग दर पाच, दर पंधरा मिनिटांनी मोजतो. उपसलेले पाणी टाकीत सोडून काटकोनी व्ही-नॉचवरून, म्हणजे ‘व्ही’ आकाराची खाच असलेल्या पट्टीवरून, मोजले जाते. खाचेतील पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल, तर तासाला सुमारे २,८०० लिटर आणि १० सेंटिमीटर असेल, तर सुमारे १५,७०० लिटर पाणी येते. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक वाढते, म्हणून “अंदाजे बोटभर” असले मोजमाप आम्ही स्वीकारत नाही. त्याच वेळी आवारातील जुन्या बोअरची पातळीही मोजतो. नवी चालू करताच जुनी खाली उतरू लागली, तर दोघींची भेग एकच आहे आणि संस्थेला दुसरी बोअर नव्हे, तर पहिल्याच पाण्याला दुसरी नळी मिळाली आहे, असे समजावे. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते, तीही नोंद तितकीच मोलाची आहे. शक्य असल्यास चाचणी मे महिन्यात घ्यावी; दिवाळीच्या सुमारास घेतलेली चाचणी सगळ्यांनाच खूश करते.

आता हिशेब पाहू. १०० सदनिका, प्रत्येकी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरल्यास संस्थेला रोज ५४,००० लिटर लागतात. तासाला ३,००० लिटर टिकणारी बोअर दहा तास चालवली, तरी ३०,००० लिटरच मिळतात. उरलेले टँकरने आणावे लागणार, हे आम्ही आधीच लेखी देतो.

धरण आटते त्या वर्षी बोअर तारतील, हा समजही बरोबर नाही, कारण दोन्हींना पाणी देणारा पाऊस एकच. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. म्हणून पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचे पाणी बोअरमधून जमिनीत मुरवण्याचा, खर्च आम्ही अंदाजपत्रकात वेगळा न दाखवता कामाचाच भाग धरतो. हजार चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ८० टक्के पाणी हाती लागले, तर ५ लाख ६० हजार लिटर होतात. वरच्या संस्थेची ही सुमारे दहा दिवसांची गरज आहे. फार नाही, पण फुकटचे आहे. हे पाणी गाळणीतून गेल्याशिवाय बोअरमध्ये सोडू नये.

पिण्यासाठी वापर करायचा असल्यास आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी आवश्यक आहे. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल, तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर कोणतीही सवलत नाही. नायट्रेट वाढलेले दिसले, तर प्रथम सेप्टिक टाकी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या तपासाव्यात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. अहवाल चांगला आला, तरी क्लोरीनची मात्रा चुकवू नये.

महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर ‘खोल विहीर’ मानली आहे आणि खोदाईची यंत्रे नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. गाडी आवारात येण्यापूर्वी नोंदणीपत्र पाहून घ्यावे. बोअर कोरडी गेली, तर तोंडावर फरशी ठेवून विषय संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरावी लागते. हे काम आमच्या दरात धरलेले असून ते पूर्ण झाल्याचे छायाचित्र मिळेपर्यंत संस्थेने आमचे शेवटचे देयक रोखून ठेवावे.