नाटककार काचेच्या कपाटात कसा आला

एखाद्या नामवंत नाटककारावर विद्यार्थ्यांनीच संग्रहालयात दालन उभं करायचं, असे उपक्रम आता बऱ्याच ठिकाणी होतात. विषय सोपा वाटतो म्हणून मुलं तो घेतात आणि पहिल्याच बैठकीत अडतात: कपाटात ठेवायचं काय? चित्रकाराची चित्रं भिंतीवर लागतात, शिल्पकाराची शिल्पं चौथऱ्यावर उभी राहतात. नाटककाराचं खरं काम मात्र पडदा पडला की संपतं. मागे उरते ती संहिता, आणि काचेआडची संहिता उभ्याने कोण वाचणार? ही अडचण आजची नाही. नाटककाराच्या प्रदर्शनांचा सगळा इतिहास म्हणजे हे रिकामं कपाट कशाने भरायचं याचाच इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात फारशी प्रामाणिक नाही.

शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. त्याचे सोबती नट हेमिंग्ज आणि काँडेल यांनी १६२३ मध्ये त्याची ३६ नाटकं एका मोठ्या ग्रंथात छापली, म्हणून ती उरली. त्यातली १८ तोवर छापलीच गेली नव्हती. पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं? निर्विवाद म्हणाव्यात अशा सहा सह्या. दुसऱ्यांसोबत लिहिलेल्या एका नाटकाच्या हस्तलिखितातली तीन पानं त्याची असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाकी काही नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नाटककाराच्या वाट्याला आलेली ही शिल्लक.

लोकांना मात्र काहीतरी बघायचं होतं, हात लावायचा होता. स्ट्रॅटफर्डला, म्हणजे त्याच्या गावी, त्याच्या शेवटच्या घराच्या बागेत तुतीचं झाड होतं आणि ते त्यानेच लावलं अशी समजूत होती. पुढे ते घर गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याने घेतलं. झाड बघायला येणाऱ्यांच्या वर्दळीला कंटाळून त्याने झाड तोडलं आणि १७५९ मध्ये घरही पाडून टाकलं. गावातला घड्याळजी टॉमस शार्प याने लाकूड विकत घेतलं आणि त्याच्या डब्या, पेले, शोभेच्या वस्तू करून वर्षानुवर्षं विकल्या. एका झाडातून एवढं लाकूड निघतं कसं, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा १७९९ मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने शपथेवर लिहून दिलं की आपण दुसऱ्या कुठल्याही झाडाचं लाकूड वापरलेलं नाही. आज अशा डब्या खऱ्याखुऱ्या संग्रहालयांत आहेत. नट डेव्हिड गॅरिकने सप्टेंबर १७६९ मध्ये स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा उत्सव भरवला, तेव्हा त्यालाही तुतीच्या लाकडाचीच कोरीव पेटी नजर केली गेली. तीन दिवसांचा हा सोहळा पावसात वाहून गेला. गंमत म्हणजे त्यात शेक्सपिअरचं एकही नाटक झालं नाही. नाटककाराला नाटकाशिवाय साजरं करण्याची रीत इथूनच पक्की झाली असं मला वाटतं.

जन्मघराची कथा याहून रंगतदार आहे. तिथे एक खुर्ची होती, शेक्सपिअरची म्हणून दाखवली जाणारी. १७९० मध्ये पोलंडच्या इझाबेला चार्तोरिस्का हिने ती विकत घेऊन नेली आणि पुढे पुवावी इथल्या आपल्या संग्रहालयात ठेवली. १८१५ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग जन्मघर बघायला गेला, तर खुर्ची पुन्हा आपल्या कोपऱ्यात हजर! बघायला येणारा प्रत्येक जण तीत बसत असल्याने तिची बैठक दर तीन वर्षांनी बदलावी लागते, असंही त्याने मिश्कीलपणे लिहून ठेवलं आहे. तिथल्या बाईंनी त्याला शेक्सपिअरची तंबाखूची डबी, हॅम्लेटची भूमिका करताना वापरलेली तलवार आणि हरीण मारलं त्या बंदुकीचा दस्ताही दाखवला. अखेर १८४७ मध्ये घराचा लिलाव निघाला. सर्कसवाला बार्नम ते उचलून अमेरिकेला नेणार अशी आवई उठली, वर्गण्या जमल्या आणि ३,००० पौंडांना घर सार्वजनिक मालकीचं झालं. नाटककाराच्या घराचं स्मारक करण्याची पद्धत यानंतर जगभर रुळली.

या साऱ्यात एक प्रदर्शन मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते उभं करणारा पोरगा आजच्या कॉलेजकुमाराच्या वयाचा होता. विल्यम हेन्री आयर्लंड, वय १९, लंडनमध्ये एका वकिलाकडे कारकून. जुन्या दस्तऐवजांत दिवस जायचा. वडील सॅम्युअल शेक्सपिअरवेडे. त्यांना खूश करायला पोराने शेक्सपिअरच्या सहीचा एक करार ‘शोधून’ आणला. जुन्या पुस्तकांची कोरी पानं आणि जुनं वाटेल अशी शाई त्याच्याकडे होती. लिहिलेला कागद विस्तवाजवळ धरला की अक्षरं तपकिरी व्हायची. मग ओघच लागला: शेक्सपिअरने बायकोला, ॲन हॅथवेला, लिहिलेलं प्रेमपत्र, सोबत केसांची बट, नाटकांची हस्तलिखितं. १७९५ मध्ये वडिलांनी हा सगळा ऐवज घरातच मांडला आणि लंडनमधली बडी मंडळी बघायला येऊ लागली. चरित्रकार बॉस्वेलने तर गुडघे टेकून कागदांचं चुंबन घेतलं. शेवटी पोराने एक आख्खं नवं नाटकच लिहिलं. एडमंड मलोन या अभ्यासकाने शब्दयोजना, अक्षरलेखन, तारखा असं एकेक तपासून कागद खोटे असल्याचं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २ एप्रिल १७९६ रोजी, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ते नाटक हशात बुडालं. पोराने कबुली दिली तरी वडिलांना ती शेवटपर्यंत पटली नाही. आपल्या मुलाला एवढं लिहिता येईल, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

लोकांना जे हवं होतं तेच आयर्लंडने कपाटात ठेवलं. मलोनने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: हे तुम्हाला कशावरून माहीत? आज विद्यार्थ्यांच्या दालनाचा कस लागतो तो याच प्रश्नावर.

एकोणिसाव्या शतकानंतरच्या नाटककारांबाबत वस्तूंचा तुटवडा नाही. उलट सुकाळच. ऑस्लोत नॉर्वेचा नाटककार इब्सेन याने आयुष्याची शेवटची अकरा वर्षं ज्या घरात काढली, ते आता संग्रहालय आहे. त्याच्या अभ्यासिकेत प्रतिस्पर्धी स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं मोठं तैलचित्र टांगलेलं असे. तो वेडा माणूस डोळे रोखून बघत असला की लिहायला हुरूप येतो, असं इब्सेन म्हणायचा. क्रिमियातल्या याल्टाला रशियन नाटककार चेखवचं घर त्याची बहीण मारिया हिने दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळातही सोडलं नाही. १९५७ मध्ये ती गेली तोवर ते तिनेच सांभाळलं. बर्नार्ड शॉने तर हयातीतच, १९४४ मध्ये, आपलं घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेला देऊन टाकलं. बागेतल्या त्याच्या लिहिण्याच्या खोपटीला फिरता पाया होता, म्हणजे उन्हाकडे तोंड करून ती वळवता यायची. पाहणारे नाटकांपेक्षा खोपटीवरच जास्त रेंगाळतात. घरांच्या स्मारकांचं हे दुखणं आहे: माणूस दिसतो, नाटक दिसत नाही.

नाटक दिसायला लागलं ते कागदांमुळे, आणि ते गोळा केले हौशी माणसांनी. मॉस्कोत बाखरुशिन या श्रीमंत कारखानदाराच्या मुलाने १८९४ मध्ये आपला रंगभूमीविषयक संग्रह लोकांसाठी खुला केला. कुणीतरी डिवचलं म्हणून पैजेवर त्याने जमवाजमव सुरू केली होती, असं सांगतात. लंडनमध्ये गॅब्रिएल एन्थोवन यांनी १९११ पासून रंगभूमीच्या संग्रहालयासाठी तगादा लावला. अखेर १९२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांची ८० हजारांवर हस्तपत्रकं स्वीकारली. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. रोज तिथे येऊन त्या स्वतः नोंदी करत, मदतनिसांचा पगारही पदरचा देत. हस्तपत्रक म्हणजे प्रयोगानंतर फेकून द्यायचा कागद. पण कुठल्या रात्री कोण कुठल्या भूमिकेत होतं आणि मुख्य नाटकानंतर कुठलं प्रहसन जोडलं होतं, हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

त्याहून बोलकी असते प्रॉम्प्टरची, म्हणजे प्रयोगात आडून नटांना शब्द सुचवणाऱ्याची, प्रत. छापील पान कापून कोऱ्या पानावर चिकटवलेलं, बाजूला पेन्सिलीने नटांच्या जागा, दिवे कधी मंद, ढगांचा गडगडाट कुठल्या शब्दावर. अर्धं स्वगत तिरक्या रेघेने उडवलेलं. नाटककाराने लिहिलं काय आणि प्रेक्षकांनी पाहिलं काय, यातलं अंतर एका पानावर दिसतं. माझ्या मते विद्यार्थ्यांना एकच वस्तू मिळणार असेल तर ही मागावी.

विसाव्या शतकात जर्मन नाटककार ब्रेख्तने स्वतःच प्रयोगाची नोंद ठेवायला घेतली. रुथ बेर्लाऊ आणि इतरांनी काढलेल्या शेकडो फोटोंतून प्रसंगागणिक मांडणी दाखवणारे ग्रंथ त्याने तयार केले. तो १९५६ मध्ये गेला आणि पत्नी हेलेने वायगल हिने त्याच वर्षी त्याचा दप्तरखाना उभारायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बेटी कॉर्विन यांनी १९७० मध्ये प्रयोगांचं चित्रीकरण जपणारा विभाग सुरू केला. कलावंतांच्या संघटनांशी करार करून केलेली ही चित्रणं आजही तिथे जाऊनच बघावी लागतात.

विद्यार्थी या कथेत दुसऱ्या वाटेने आले. १८९९ मध्ये शिकागोत शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी आदर्श शाळेचा आराखडा मांडला, त्यात वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि कलादालनं कडेला होती आणि मधोमध संग्रहालय. १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये पॉल सॅक्स यांचा संग्रहालयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथल्याच तीन विद्यार्थ्यांनी १९२८ मध्ये मंडळ काढून भाड्याच्या दोन खोल्यांत आधुनिक कलेची प्रदर्शनं भरवली, म्हणजे विद्यापीठाचं संग्रहालय ज्या कलेला हात लावायला कचरत होतं, नेमकी ती. पुढे संग्रहालयांनीच दारं उघडली, आणि आता वस्तू निवडणं, फलक लिहिणं, दालनाचा नकाशा काढणं ही कामं शाळकरी मुलांकडेही येतात.

काम हाती घेतल्यावर मुलांना कळतं की अर्धे निर्णय वस्तूच घेतात. जुन्या कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, म्हणून दालन अंधूक. अस्सल पान काही महिन्यांनी विश्रांतीला जातं आणि प्रतिकृती येते. ती प्रतिकृती आहे हे फलकावर लिहावंच लागतं. फलक पन्नास-पाऊणशे शब्दांचा, त्यामुळे ‘थोर’, ‘अजरामर’ ही विशेषणं पहिल्याच फेरीत गळतात. गळाली तर बरंच. भिंतभर सनावळी आणि मधोमध फोटो, हा मोह मात्र सुटत नाही. त्यातून सुटायचं कसं हे बघायचं असेल तर अमेरिकेत पिट्सबर्गला नाटककार ऑगस्ट विल्सनवर २०२२ मध्ये उघडलेलं कायमचं दालन बघावं. त्याने विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिली. दालनात तो जिथे बसून लिहायचा त्या कॉफीच्या दुकानापासून माणूस आत शिरतो आणि शेवटी त्या नाटकांच्या जगातच येऊन उभा राहतो.

कुठला नाटककार निवडायचा, हे बऱ्याचदा कायदाही ठरवतो. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. इब्सेन आणि चेखव केव्हाच मोकळे झाले, शॉ २०२० च्या अखेरीस. ब्रेख्तचे हक्क २०२६ संपेपर्यंत आहेत, म्हणजे त्याचा आख्खा प्रवेश भिंतीवर छापायचा तर तोवर परवानगीचं पत्र हवं. शिवाय प्रयोगाचा फोटो लावायचा असेल तर तो हक्क निराळा, छायाचित्रकाराचा. अनुवाद वापरला तर अनुवादकाचाही.