एलडीएल ग्राही

एलडीएल ग्राही : रक्तातील एलडीएल (लो डेन्सिटी लिपोप्रोटीन) हे कोलेस्टेरॉलवाहू कण पकडून पेशीच्या आत नेणारे, पेशीपटलात रोवलेले प्रथिन. शरीरातील बहुतेक पेशींवर ते असते. मात्र रक्तातले एलडीएल आटोक्यात ठेवण्याचा मुख्य भार यकृतपेशींवरच्या ग्राहींवर पडतो. त्यांची संख्या घटली की एलडीएल रक्तात रेंगाळते, रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचू लागतो आणि हृदयविकार अकाली गाठतो. जनुकातल्या एका बिघाडापासून थेट रोजच्या गोळीपर्यंत इतका सलग धागा हृदयरोगाच्या रेणवीय संशोधनात क्वचितच दुसरीकडे सापडेल.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून ते सुटे वाहू शकत नाही; मेद आणि प्रथिन यांच्या कणांत बांधूनच त्याची ने-आण होते. एलडीएल कणाचा व्यास सुमारे २२ नॅनोमीटर. गाभ्यात कोलेस्टेरॉल एस्टरचे सुमारे १,५०० रेणू, त्यावर फॉस्फोलिपिडांचा पातळ थर आणि त्याला वेढून असलेले ॲपोबी-१०० हे ४,५३६ ॲमिनो आम्लांचे अजस्र प्रथिन. ग्राही ओळखतो ते या प्रथिनालाच. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर एलडीएलपुढे छापलेला आकडा या कणांतल्या कोलेस्टेरॉलचा असतो. तो वाढला की बोट लगेच ताटाकडे जाते, पण कण किती तयार होतात याइतकेच ते किती वेगाने उचलले जातात यावरही तो आकडा ठरतो, आणि ही दुसरी बाजू कळायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

शोध : ग्राहीपर्यंत पोचवले ते एका आनुवंशिक रोगाने. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असते, टाचेमागच्या कंडरेवर आणि बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी येतात आणि माणसे ऐन उमेदीत हृदयविकाराने जातात. हे नाते ऑस्लोच्या कार्ल म्यूलर यांनी १९३८ मध्ये मांडले. बैरूतमध्ये अवेदिस खाचादुरियन यांनी १९६४ मध्ये लेबनॉनमधल्या कुटुंबांचा अभ्यास करून रोगाचे दोन स्तर दाखवले. सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले तर कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट होते. दोघांकडून आले तर ते कित्येक पटींनी वाढते आणि झटका बालपणातही येऊ शकतो. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात एफएच, तो हाच.

टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस येथील वैद्यकीय केंद्रात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७२ पासून या रोगावर एकत्र काम सुरू केले. रुग्णाच्या यकृताला हात न लावता त्यांनी त्याच्या त्वचेचा छोटा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. मोजायचे होते एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर. पेशीला स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवायचे असते तेव्हा वेगाला लगाम घालणारी पायरी या विकराची असते. निरोगी पेशींना एलडीएल दिले की विकराची क्रिया मंदावे, काढून घेतले की वाढे. दोन्हीकडून सदोष जनुक आलेल्या रुग्णाच्या पेशींत मात्र एलडीएल असतानाही विकर ४० ते ६० पट जोरात चाले. विकरच बिघडलेले असणार, हा तर्क साहजिक होता. तो एका साध्या प्रयोगाने निकालात निघाला. एलडीएलऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कोलेस्टेरॉल बशीत टाकले, तेव्हा रुग्णाच्या पेशींतही विकर मुकाट दबले! आतली यंत्रणा धडधाकट होती. एलडीएल कणातले कोलेस्टेरॉल आत पोचतच नव्हते. १९७४ मध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेले एलडीएल वापरून त्यांनी दाखवले, की ते निरोगी पेशींना घट्ट चिकटते आणि रुग्णाच्या पेशींना जवळजवळ नाहीच. ग्राहीचे अस्तित्व असे त्याच्या अभावातून सिद्ध झाले.

त्यानंतर एक निराळाच रुग्ण हाती लागला. त्याच्या पेशींना एलडीएल चिकटत असे, पण आत जात नसे. रिचर्ड अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कारण उघड झाले. निरोगी पेशीत बहुसंख्य ग्राही पटलावरच्या ठरावीक खळग्यांत जमतात. हे खळगे पृष्ठभागाचा जेमतेम २ टक्के भाग व्यापतात. या रुग्णाच्या पेशींत ग्राही सगळीकडे विखुरलेले होते. प्रथिनाच्या आतल्या शेपटीत ८०७ व्या जागी टायरोसीनऐवजी सिस्टीन आले होते, इतकाच काय तो फरक. ग्राहीच्या मदतीने पेशी बाहेरचे पदार्थ कसे गिळते याचे चित्र या कामातून स्पष्ट झाले. पुढे लोहवाहक प्रथिने, संप्रेरके आणि काही विषाणूही याच पद्धतीने आत शिरतात असे आढळले. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना आणि फेरा : ग्राहीचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून त्याचे १८ एक्झॉन (प्रथिनाचा आराखडा असलेले तुकडे) आहेत. तयार प्रथिन ८३९ ॲमिनो आम्लांचे. त्याचा बाहेरचा टोकाचा भाग एकाच घडणीच्या सात तुकड्यांचा असतो आणि कण पकडण्याचे काम त्याचे. हे जनुक इतर प्रथिनांच्या जनुकांशी तुकडे वाटून घेऊन घडले आहे असे १९८५ मध्ये दिसले. ते काम करणाऱ्यांत तरुण थॉमस झ्यूडहोफ होते. त्यांना पुढे २०१३ मध्ये नोबेल मिळाले, पण ते पेशीतल्या वाहतुकीच्या वेगळ्याच प्रश्नावर. ग्राही खळग्यासकट आत ओढला जातो, आतल्या आम्लधर्मी पिशवीत कण सोडून देतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. रहाटगाडग्याचे मडके भरो वा न भरो, ते फिरायचे थांबत नाही. तसाच हाही कण मिळो न मिळो फिरत राहतो. एका फेरीला सुमारे दहा मिनिटे लागतात आणि आयुष्य वीसेक तासांचे. सुटलेला कण लायसोसोम या पेशीतल्या पाचक पिशवीत फोडला जातो आणि कोलेस्टेरॉल पेशीच्या कामी येते.

ग्राही किती बनवायचे हे पेशी स्वतः ठरवते. आतल्या पटलात कोलेस्टेरॉल कमी झाले की एसआरईबीपी हे प्रथिन गॉल्जी पिंडाकडे जाते, तिथे ते दोनदा कापले जाते आणि सुटलेला तुकडा केंद्रकात शिरून ग्राहीचे व रिडक्टेजचे अशी दोन्ही जनुके चालू करतो. कोलेस्टेरॉल पुरेसे असले की हा प्रवास मुळातच अडवून धरला जातो.

औषधे : कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे इंगित इथे आहे. तोक्योच्या सांक्यो कंपनीत आकिरा एन्दो यांनी हजारो बुरश्या चाळून १९७३ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीत रिडक्टेज रोखणारे कॉम्पॅक्टिन शोधले. त्याच कुळातल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. स्टॅटिन कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखते हे खरे, पण रक्तातला आकडा उतरतो तो मुख्यतः पुढच्या परिणामाने: यकृतपेशीला तुटवडा जाणवतो, ती ग्राही वाढवते आणि ग्राही रक्तातून एलडीएल ओढतात. म्हणूनच ज्यांना आईवडील दोघांकडूनही ग्राहीचे निकामी जनुक मिळाले आहे त्यांना स्टॅटिनचा फायदा फार थोडा होतो. यकृताचे महत्त्व पिट्सबर्गमध्ये १९८४ साली थेट दिसले. अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवे यकृतही बसवले आणि तिचे एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी उतरले.

ग्राहीचा शत्रू २००३ मध्ये सापडला. मॉन्ट्रियलचे नाबिल सैदा आणि पॅरिसच्या कॅथरीन ब्वालो यांच्या गटांना एफएच असलेल्या फ्रेंच कुटुंबांत पीसीएसके-९ या जनुकात बदल आढळले. यकृत हे प्रथिन रक्तात सोडते. ते ग्राहीला चिकटले की ग्राही पृष्ठभागावर परतत नाही. कणाबरोबर तोही लायसोसोममध्ये नष्ट होतो. डॅलसमध्येच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक निकामी असेल तर? त्यांच्या पाहणीत सुमारे २ टक्के आफ्रिकी-अमेरिकी लोकांत तसे बदल निघाले. अशा लोकांचे एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका आकडा हाच. गोळी पन्नाशीत सुरू होते, जनुक जन्मापासून काम करते. इतक्या थोड्या घटीचा इतका मोठा लाभ त्यामुळेच दिसतो. पीसीएसके-९ ला निष्प्रभ करणारी ॲलिरोक्यूमॅब आणि इव्होलोक्यूमॅब ही प्रतिपिंडे २०१५ मध्ये बाजारात आली. २७,५६४ रुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्यूमॅब दिल्यावर एलडीएलचा मध्यक ९२ वरून ३० मिलिग्रॅमवर आला. यकृतात हे प्रथिन बनूच न देणारे इन्क्लिसिरान हे औषध सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते.

रुग्ण आणि कुटुंबे : आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला एफएच साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. लेबनॉन, क्वेबेकमधले फ्रेंचभाषक आणि दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकानेर यांच्यात मूळच्या मोजक्या पूर्वजांमुळे तो जास्त आढळतो. नात्यातल्या लग्नांत दोन्हीकडून सदोष जनुक येण्याचा धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या महाराष्ट्रातल्या घरांनाही हे लागू आहे. एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. नेदरलँड्सने १९९४ मध्ये तो देशपातळीवर सुरू केला. आपल्याकडे चाळिशीच्या आत झटका आलेल्या माणसाला स्टेंट बसतो, गोळ्या सुरू होतात, आणि घरच्या पोरांचे रक्त तपासायचे राहून जाते.

ज्यांच्याकडे ग्राहीच नाहीत त्यांच्यासाठी २०२१ पासून इव्हिनाक्यूमॅब हे प्रतिपिंड आहे; ते ग्राहीला वळसा घालून एलडीएल उतरवते. यकृतपेशींतल्या पीसीएसके-९ जनुकातले एक अक्षर कायमचे बदलण्याच्या मानवी चाचण्या २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाल्या. जनुकात असा बदल करणारी सामग्री मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून देतात. गंमत अशी, की असे कण यकृतात शिरतात ते मोठ्या प्रमाणावर एलडीएल ग्राहीच्याच मदतीने. ग्राही नसलेल्यांनाही ही सामग्री पोचावी म्हणून पुढच्या कणांवर एक शर्करा जोडली गेली, जेणेकरून यकृतावरचा दुसराच ग्राही त्यांना आत घेईल.