चार वेळा पाच मिनिटं: हृदय स्वतःला कसं वाचवतं, याची पार्श्वभूमी

हृदयाची धमनी पुन्हापुन्हा थोडा वेळ बंद केली, तर नुकसान साठत जाणार, असंच कुणालाही वाटेल. १९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेनिंग्ज आणि रायमर यांच्या गटाने कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी सर्कमफ्लेक्स धमनी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं मोकळी, असं चार वेळा. मग सलग ४० मिनिटं बंद. तुलनेच्या गटात थेट ४० मिनिटं. चार दिवसांनी पाहिलं, तर रक्तपुरवठा तुटलेल्या भागापैकी तुलनेच्या गटात सुमारे २९ टक्के स्नायू मेला होता. आधी 'सराव' झालेल्यांत फक्त ७ टक्के.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. धमनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा फरक उरला नाही. म्हणजे ही मुदतवाढ आहे, माफी नव्हे.

हे घडतं कसं? रक्तपुरवठा तुटला की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मोडून अडेनोसिन नावाचा रेणू तयार होतो आणि पेशीवरच्या ए-१ रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. १९९१ मध्ये सशांवर हे दिसलं. तिथून निरोप मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरापर्यंत, जातो. खरा घात रक्त परतल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत होतो. तोवर साठलेल्या आम्लामुळे मायटोकॉन्ड्रियाचं एक छिद्र मिटलेलं असतं. आम्ल धुऊन निघताच ते उघडतं, ऊर्जानिर्मिती थांबते आणि पेशी फुगून फुटते. सराव झालेल्या पेशीत ते सहज उघडत नाही. १९९२ मध्ये पोटॅशियम चॅनेलचा, म्हणजे पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटेचा, सहभागही दिसला: मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी तो चॅनेल बंद करते आणि कुत्र्यांमध्ये तिने हे संरक्षण पुसून टाकलं.

संरक्षण तास-दोन तास टिकतं, ओसरतं आणि साधारण २४ तासांनी सौम्य रूपात परततं; मधल्या वेळात पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात.

१९९३ मध्ये एका धमनीच्या भागातला सराव शेजारच्या भागालाही वाचवतो, हे कळलं. मग दंडावर बीपीचा पट्टा फुगवून, हाताचं रक्त थोडा वेळ अडवून, तोच परिणाम साधायचा प्रयत्न झाला. पण २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या चाचण्यांत आणि २०१९ मध्ये हार्ट अटॅकच्या ५,४०१ रुग्णांत फायदा दिसला नाही. शस्त्रक्रियेच्या चाचण्यांबाबत प्रोपोफॉल या भुलीच्या औषधावर संशय आहे. शिवाय प्रयोगातली जनावरं बहुधा तरुण आणि निरोगी असतात. ऑपरेशन टेबलावरचा माणूस साठीचा, मधुमेही आणि चार-पाच गोळ्यांवर असतो.