तेलकोंडी, जपानची (१९४१)

१९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या परागंदा सरकारने जपानचा खनिज तेलाचा पुरवठा तोडला, ती घटना. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची कारणे अनेक आहेत. पण तो त्याच वर्षी आणि इतक्या घाईने का झाला, हे तेलाचा हिशेब मांडल्याशिवाय उलगडत नाही.

जपानमधल्या तेलविहिरी नाममात्र होत्या. जवळजवळ सगळे तेल बाहेरून येई; त्यातले सुमारे ८० टक्के अमेरिकेतून, उरलेल्यातले बरेचसे डच ईस्ट इंडीजमधून (आजचा इंडोनेशिया). जुलै १९३७ पासून चीनमध्ये चाललेल्या युद्धाला वॉशिंग्टनचा विरोध होता, तरी त्या युद्धाचे इंधन अमेरिकी कंपन्याच विकत होत्या. ही विसंगती सरकारच्या नजरेतून सुटली नव्हती. तेल रोखले असते तर जपानी सैन्य वर्षभरापूर्वीच ईस्ट इंडीजवर उतरले असते, असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २४ जुलै १९४१ रोजी जाहीरपणे सांगितले. म्हणून आधी विमानांचे उच्च प्रतीचे इंधन आणि भंगार लोखंड यांवरच बंधने आली.

जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामचा दक्षिण भाग आणि आसपासचा प्रदेश) शिरले आणि हे धोरण कोलमडले. २६ जुलैला अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली. ब्रिटन व डचांनी तेच केले. कागदोपत्री तेलविक्री पूर्णपणे बंद नव्हती, परवाना मागता येत होता. प्रत्यक्षात परराष्ट्र खात्यातील डीन अॅचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाची किंमत चुकवायला लागणारे डॉलर मोकळेच केले नाहीत. रूझवेल्ट तेव्हा न्यूफाउंडलंडजवळ चर्चिल यांना भेटायला गेले होते. बंदी पूर्ण झाली आहे हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा माघार घेणे दुबळेपणाचे दिसले असते. लगाम म्हणून योजलेला उपाय असा फास ठरला.

टोकियोत आता प्रत्येक दिवस साठ्यातून वजा होत होता. नौदल दर तासाला ४०० टन तेल जाळते, असे नौदलप्रमुख नागानो यांनी बैठकीत सांगितले. साठा दीड-दोन वर्षांचा धरला जात होता. वाटाघाटी लांबवणे म्हणजे नंतर लढण्याची ताकदही गमावणे, असा युक्तिवाद लष्करी नेते करू लागले. चीनमधून माघार घेण्याचा पर्याय होता, पण तो त्यांना मान्य नव्हता. हा भाग ‘तेलामुळे नाइलाज झाला’ असे म्हणणारे सोयीस्करपणे गाळतात. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान कोनोए पायउतार झाले आणि तोजो आले.

खरे लक्ष्य सुमात्रा व बोर्निओतील तेलक्षेत्रे हे होते. तिकडे वळताना फिलिपिन्समधील अमेरिकी तळ वाटेवर पडत आणि हवाईतील आरमार बगलेवर चालून येऊ शकत होते, म्हणून ७ डिसेंबरला पर्ल हार्बर. तेलासाठी पुकारलेल्या या युद्धाच्या पहिल्याच हल्ल्यात तिथल्या टाक्यांमधले सुमारे ४५ लाख बॅरल तेल मात्र शाबूत राहिले. ते पेटले असते तर अमेरिकी आरमाराला बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत मागे सरकावे लागले असते.

१४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी छत्रीधारी सैनिक सुमात्रातील पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळ उतरले. डचांनी अनेक ठिकाणी केलेली मोडतोड जपानी तंत्रज्ञांनी अपेक्षेपेक्षा लवकर दुरुस्त केली. तेल हाती आले, पण ते मायदेशी न्यायचे कसे, याचा विचार अपुरा होता. तेलवाहू जहाजे मोजकी, त्यांना संरक्षण त्याहून कमी. १९४३ च्या अखेरीपासून अमेरिकी पाणबुड्यांनी ती झपाट्याने बुडवली. १९४४ मध्ये आरमाराला तेलाजवळ राहण्यासाठी सिंगापूरलगतच्या लिंगा बेटांपाशी नांगर टाकावा लागला. काही युद्धनौकांनी तर बोर्निओजवळच्या तराकान बेटावरचे कच्चे तेल शुद्ध न करताच बॉयलरमध्ये जाळले. ते जळे, पण त्याची वाफ सहज पेट घेई. १९४५ च्या वसंतापर्यंत दक्षिणेकडून येणारे तेल जवळपास थांबले. सरकारने पाइनच्या मुळांपासून विमानाचे इंधन काढण्याची मोहीम देशभर राबवली, मात्र त्यातून उपयोगी पडेल असे इंधन नगण्यच निघाले.