वैद्यकीय निष्काळजीपणातील दोषाचे गृहीतक

उपचारांदरम्यान झालेल्या हानीबद्दल भरपाई मागताना डॉक्टरची किंवा रुग्णालयाची चूक शाबीत करण्याची जबाबदारी सामान्यतः रुग्णावर असते. मात्र काही ठरावीक परिस्थितींत न्यायालय ती चूक झाली असे धरून चालते आणि ती झाली नसल्याचे दाखवण्याचा भार डॉक्टरवर टाकते. हेच दोषाचे गृहीतक. ते पुराव्याने खोडून काढता येते आणि दोषनिरपेक्ष दायित्वाहून, म्हणजे चूक नसतानाही येणाऱ्या भरपाईच्या जबाबदारीहून, ते वेगळे ठरते ते याच कारणाने.

त्याची गरज भासते ती माहितीच्या विषमतेमुळे. भूल दिलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियागृहात काय घडले हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते बहुधा प्रतिवादी असतात आणि नोंदीही त्यांच्याच ताब्यात असतात. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा निकामी झालेल्या एका रुग्णाच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, नेमकी चूक कोणाची हे रुग्णाला सांगता येत नसतानाही, तो बेशुद्ध असताना त्याची देखभाल करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांकडून खुलासा मागता येतो असे ठरवले. हा निकाल टोकाचा आहे, कारण त्यात निर्दोष व्यक्तीलाही स्वतःचा बचाव करावा लागतो.

या विचाराचे मूळ ‘रेस इप्सा लोक्विटर’, म्हणजे घटना स्वतःच बोलते, या तत्त्वात आहे. लिव्हरपूलमध्ये गोदामातून पिठाचे पिंप रस्त्यावरील वाटसरूच्या अंगावर पडल्याच्या खटल्यात १८६३ मध्ये ते पुढे आले. घटना एरवी निष्काळजीपणाशिवाय घडणारी नसावी आणि तिचे कारण प्रतिवादीच्या नियंत्रणात असावे, या त्याच्या मुख्य अटी आहेत. उपचाराला यश आले नाही किंवा ज्ञात गुंतागुंत उद्भवली, एवढ्याने त्या पुऱ्या होत नाहीत.

जर्मनीने न्यायालयांनी घडवलेले असे नियम २०१३ मध्ये नागरी संहितेच्या कलम ६३०ह मध्ये आणले. उपचार करणाऱ्याच्या पूर्ण नियंत्रणात असलेला धोका प्रत्यक्षात उतरला आणि रुग्णाला इजा झाली, तर चूक गृहीत धरली जाते. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशा महत्त्वाच्या उपाययोजनेची नोंद नसेल, तर ती केलीच नव्हती असे मानले जाते. त्यामुळे अपुरे केसपेपर डॉक्टरच्याच अंगाशी येतात. गंभीर चूक सिद्ध झाली आणि ती तशी इजा घडवू शकणारी असेल, तर कार्यकारणसंबंधही, म्हणजे इजा त्या चुकीमुळेच झाली हेही, गृहीत धरला जातो. ही शेवटची तरतूद सर्वांत परिणामकारक म्हटली पाहिजे, कारण चूक दाखवूनही पुष्कळ दावे नेमके याच टप्प्यावर अडतात.

भारतात शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून स्त्रीचा मृत्यू झाल्याच्या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे तत्त्व लागू केले, तर २०१० मध्ये निष्काळजीपणा उघड असेल तेथे तज्ज्ञाच्या साक्षीचा आग्रह धरण्याचे कारण नाही असे म्हटले. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) मात्र याच न्यायालयाने या तत्त्वाचे क्षेत्र मुख्यतः दिवाणी दायित्वाचे मानले. केवळ त्याच्या आधारे डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यासाठी दोषी धरता येत नाही.